वीज गेली की दार कुणाचं ऐकतं?

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसतात, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. चौकट असते, पडदा असतो, कुत्री-मांजरं आत शिरू नयेत म्हणून रात्री एखादी फळी टेकवलेली असते. कडी-कोयंडा नाही, कुलूप नाही. राखण शनिदेव करतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. नेवासे तालुक्यातल्या या गावात जानेवारी 2011 मध्ये यूको बँकेने शाखा उघडली, तेव्हा देशभर ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून बातम्या झळकल्या. माझ्या धंद्यातल्या माणसाचं लक्ष मात्र बातमीतल्या एका बारीक तपशिलावर गेलं. बँकेने दार काचेचं बसवलं होतं, आणि त्या दाराला चटकन नजरेत न भरणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप होतं.

पुढे सप्टेंबर 2015 मध्ये गावात पोलीस ठाणंही सुरू झालं. गावाचा आणि कुलपाचा हा विषय श्रद्धेचा आहे, त्यात मी बोलणार नाही. पण बँकेने निवडलेलं कुलूप मला फार विचारपूर्वक निवडलेलं वाटतं. कडी-कोयंडा गावकऱ्यांच्या डोळ्यांना खुपला असता. काचेतून येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं सगळं दिसतं आणि चुंबक दाराच्या वर गुपचूप बसून आपलं काम करतं. हेच कुलूप आज नगरच्या दवाखान्यांत, सुप्याच्या कारखान्यांत, पतसंस्थांत आणि नव्या अपार्टमेंटच्या लॉबीत बसलेलं आहे. रोज हजारो माणसं त्याच्याखालून जातात, आणि त्याचा स्वभाव फार थोड्यांना माहीत असतो.

मी सावेडीत राहतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, बिलावर तेच छापतो, बोलताना मात्र तोंडात नगर येतं. मुळात मी बॅटरी-इन्व्हर्टरवाला. लोडशेडिंगच्या काळात आमच्या दुकानासमोर रांग असायची. मग कारखान्यांनी हजेरीसाठी थम मशीन घ्यायला सुरुवात केली, ती मशीनं दाराला जोडायची टूम आली, आणि वीज गेल्यावर ही दारं कशी वागतील हे विचारायला लोक बॅटरीवाल्याकडे यायला लागले. त्या प्रश्नातूनच मी या कामात शिरलो आणि अजूनही प्रत्येक दाराकडे मी आधी त्याच प्रश्नाने पाहतो.

चुंबकीय कुलूप, आम्ही त्याला मॅग लॉक म्हणतो, दिसायला अगदी साधं असतं. चौकटीच्या वरच्या पट्टीवर वीतभर लांबीचा चौकोनी धातूचा ठोकळा. त्याच्या पोटात लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते. दाराच्या वरच्या कडेला एक जाड लोखंडी पट्टी. तारेतून वीज वाहिली की ठोकळा चुंबक होतो आणि पट्टीला धरून ठेवतो. लहान कुलपाची पकड साधारण 270 किलोची, मोठ्याची 540 च्या आसपास. एवढ्या ताकदीसाठी वीज किती लागते? बारा व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे सहा वॉट. एका छोट्या एलईडी बल्बाइतकी. दोन धट्टीकट्टी माणसं खांदा लावून ढकलतात आणि दार हलत नाही, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पण ही पकड पट्टी आणि ठोकळा एकमेकांना अगदी चिकटून असतील तरच. मधे कागदाइतकं अंतर पडलं तरी ताकद झपाट्याने घसरते. म्हणून पट्टी बसवताना तिच्यामागे रबराचा वॉशर ठेवतात आणि स्क्रू थोडा सैल सोडतात, म्हणजे दार बंद होताना पट्टी किंचित डुलते आणि ठोकळ्यावर सपाट बसते. नवीन पोरांना हे पटत नाही. घट्ट म्हणजे मजबूत असं त्यांच्या हाताला वाटतं, ते स्क्रू पूर्ण आवळतात, पट्टी एका कोपऱ्यात उचललेली राहते आणि 270 किलोचं दार एका धक्क्यात उघडतं. मी त्यांना टॉर्च धरायला लावतो. दार बंद करायचं आणि फटीतून पलीकडचा उजेड दिसतो का पाहायचं. दिसला, तर परत सोडायचं. सुप्याच्या बाजूला, जिथे अजून रस्त्यांची कामं चालतात, तिथे धुळीचा थर बसूनही हेच होतं. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पट्टी पुसली की झालं, पण ते सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

आता त्याच्या स्वभावाची गोष्ट. आपल्या घरच्या कुलपाला एकदा किल्ली फिरवली की ते आपलं आपण बंद राहतं, वीज असो-नसो. मॅग लॉकला बंद राहण्यासाठी सतत वीज हवी. वीज आहे तोवर बंद, वीज तुटली की त्याच क्षणी उघडं. या जातीला आमच्यात फेल-सेफ म्हणतात. सेफ म्हणजे आतल्या माणसाच्या दृष्टीने सुरक्षित. दुसरी जात उलटी, फेल-सिक्युअर. वीज गेली तरी तिचा खटका बाहेरून बंदच राहतो आणि आतून साध्या मुठीने दार उघडतं.

गिऱ्हाईक यातलं काही विचारत नाही. ते विचारतं कंपनी कोणती, किंमत किती, मोबाईलवर दिसेल का. मी विचारतो, साहेब, या दाराच्या आत रोज कोण असतं? सर्व्हरची खोली, औषधांचं भांडार, कॅशियरच्या मागची खोली अशा ठिकाणी सामान असतं, माणूस क्वचित. तिथे वीज गेली तरी बंद राहणारं कुलूप योग्य. जिथे माणसं बसतात, झोपतात, उपचार घेतात, तिथे चुंबकच हवं. एकाच इमारतीत दोन्ही जाती लागतात, आणि कुठली कुठे बसवायची हा या सगळ्या कामातला पहिला निर्णय असतो. मशीनची कंपनी त्याच्या फार नंतर येते.

मग वीज गेली तर चोराला मोकळं रान, असं कुणीही म्हणेल. त्यासाठी बॅटरी. पॉवर सप्लायच्या डब्यात बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची एक बॅटरी बसते. कुलपाला अर्धा अँपिअर, मशीन आणि कंट्रोलरला मिळून आणखी पाव अँपिअर धरा. कागदावर नऊ तास निघतात. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत कुलूप धरत नाही, उन्हाळ्यात बंद डब्यातल्या उष्णतेने ती लवकर म्हातारी होते, त्यामुळे मी सहा तासच धरतो. ज्या गावात गावठाणाचा फीडर रात्री दहाला जाऊन पहाटे येतो, तिथे हे सहा तास पुरणार नाहीत, हे बसवणाऱ्याने आधीच सांगायला हवं. तिथे मोठी बॅटरी टाकायची, किंवा रात्रीसाठी शटर ठेवायचं. रात्री आत माणूस नसेल तर शटरला माझी काहीच हरकत नाही.

6 नोव्हेंबर 2021 ला, दिवाळीच्या दिवसांत, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. करोनाचे रुग्ण होते. त्या दिवशी अकरा जण गेले. मी हे कुलपाच्या संदर्भात लिहितोय म्हणून स्पष्ट सांगतो, तिथे दाराच्या कुलपाने काही घडलं असं माझं म्हणणं नाही. पण त्या दिवसापासून अतिदक्षता विभागाचं दार माझ्यासाठी निराळं झालं. आत पडलेला माणूस स्वतःच्या पायाने उठू शकत नाही. त्याला खाटेसकट, ऑक्सिजनसकट बाहेर काढायचं असतं, आणि काढणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. अशा वेळी कुणी दाराशी थांबून कार्ड शोधावं?

डॉक्टरांची अडचणही खोटी नसते. एका खाजगी दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, “लाइट गेली तरी दार उघडता कामा नये. नातेवाईक आत घुसतात, सिस्टरना काम करू देत नाहीत.” मी म्हटलं, “डॉक्टर, लाइट गेली तर बॅटरी धरून ठेवेल, जनरेटर यायच्या आत कुणी घुसणार नाही. पण आगीचा अलार्म वाजला तर मी दार धरून ठेवणार नाही. त्या वेळी ते उघडणारच.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीच विचारलं, ते कसं करतात.

करायचं असं. कुलपाकडे जाणारी विजेची तार तीन जागांतून ओवून न्यायची. पहिली जागा आगीच्या अलार्मच्या पॅनेलमधला रिले. दुसरी, दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर बसवलेला हिरवा डबा, ज्यावर दाबलं की संपर्क तुटतो. तिसरी, रोजच्या वापराचं बटण आणि थम मशीन चालवणारा कंट्रोलर. तिन्ही एकाच ओळीत. कुठेही तार तुटली की चुंबक मेला आणि दार उघडलं. यातली मेख अशी, की हिरवा डबा थेट विजेच्या तारेत हवा. बरेच बसवणारे तो कंट्रोलरला जोडतात, कारण तार कमी लागते. मग डबा दाबल्यावर तो कंट्रोलरला विनंती करतो, आणि कंट्रोलर हा शेवटी एक छोटा संगणक आहे. तो अडकला, त्याचा प्रोग्रॅम बंद पडला, तर हिरवा डबा दाबणारा दाबतच राहील. बाहेर पडण्याची वाट कुठल्याही संगणकाच्या मर्जीवर ठेवायची नसते. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही बाहेर पडण्याची दारं आतून किल्लीशिवाय उघडली पाहिजेत असं म्हटलं आहे. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 13 जून 1997 ला 59 माणसं गेली. वाटेत वाढीव खुर्च्या होत्या आणि दार बंद होतं. त्या बातम्या वाचताना मी पोरगा होतो.

आता दार उघडतं कुणासाठी, त्याकडे येऊ.

कार्ड सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत स्वस्त. पांढऱ्या प्लास्टिकच्या आत तारेचं एक वेटोळं आणि तांदळाच्या कणीएवढी चिप, बॅटरी नाही. भिंतीवरचा रीडर सतत एक रेडिओ लहर सोडत असतो. कार्ड जवळ नेलं की त्या लहरीतूनच वेटोळ्याला वीज मिळते आणि चिप आपला नंबर बोलते. जुन्या 125 किलोहर्ट्‌झच्या कार्डात एवढंच घडतं. भर बाजारात मोठ्याने आपलं नाव सांगणाऱ्या माणसासारखं ते कार्ड आहे, जो जवळून जाईल तो ऐकू शकतो. तोच नंबर कोऱ्या कार्डात भरून देणारी हातात मावणारी यंत्रं बाजारात सहज मिळतात. बरं, नंबर तरी किती मोठा? सर्रास वापरली जाणारी जुनी पद्धत 26 बिटांची. त्यात आठ बिट संस्थेचा कोड, म्हणजे 0 ते 255, सोळा बिट माणसाचा नंबर, म्हणजे 0 ते 65,535, आणि दोन बिट तपासणीचे. दोन वेगळ्या संस्थांत एकाच नंबरची दोन कार्डं असू शकतात, आणि असतातही.

त्यापुढची कार्डं 13.56 मेगाहर्ट्‌झची. त्यातल्या मायफेअर क्लासिक नावाच्या कार्डावर जगभरच्या मेट्रो आणि कार्यालयं चालायची, कारण त्यात गुप्त संकेत होता. 2008 मध्ये नेदरलँड्‌सच्या नायमेखन इथल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी तो संकेत फोडून दाखवला. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी कोर्टात गेली, शोधनिबंध छापू देऊ नका म्हणाली. कोर्टाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं नाही आणि निबंध छापला गेला. मला तो निकाल फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या दाराचं कुलूप कच्चं आहे हे घरमालकाला कळायलाच हवं. त्याला इतकी वर्षं होऊनही तीच कार्डं आजही आपल्याकडे नव्या इमारतींत बसतात, कारण ती स्वस्त पडतात आणि कुणी विचारत नाही. विचारायचा प्रश्न एकच आहे. कार्डात एईएस पद्धतीचा संकेत आहे का, आणि रीडर नुसता नंबर वाचतो की तो संकेत खरोखर तपासतो? कित्येक ठिकाणी कार्ड महागडं असतं आणि रीडर त्याचा फक्त उघडा नंबर वाचत असतो.

नगर जिल्ह्यात मात्र कार्डापेक्षा थमचं राज्य आहे. कार्ड दुसऱ्याच्या हाती देता येतं, अंगठा देता येत नाही, म्हणून मालकांना थम आवडतो. बोटांच्या ठशांचा इतिहासही आपल्याच देशातला. बंगालमध्ये जंगीपूरला 1858 मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने कंत्राटाच्या कागदावर पंजाचा ठसा घेतला. 1897 मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली आणि तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचं मूळ काम केलं. नाव मात्र बरीच वर्षं त्यांच्या साहेबाचं झालं.

मशीन अंगठ्याचा फोटो जपून ठेवतं असं लोकांना वाटतं. साधारणपणे ते ठशातल्या रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात, तेवढ्या जागा टिपतं आणि त्यांचा आकड्यांचा नकाशा ठेवतं. दुसऱ्या दिवशी बोट ठेवलं की नवा नकाशा जुन्याशी ताडून पाहतं. दोन्ही तंतोतंत कधीच जुळत नाहीत. घाम, दाब, बोटाचा कोन रोज वेगळा. म्हणून किती जुळलं तर चालेल याची एक पातळी मशीनमध्ये ठरवावी लागते. पातळी कडक केली तर खरा माणूस नाकारला जातो, ढिली केली तर खोटा आत जातो.

आणि इथे हा जिल्हा आडवा येतो. मशीनं बनतात दूर कुठेतरी आणि तपासली जातात कार्यालयातल्या मऊ बोटांवर. इथे गेटवर उभा राहणारा माणूस ऊस तोडणारा असतो, चुन्या-सिमेंटात काम करणारा असतो, दूध प्लँटवर दिवसभर थंड पाण्यात क्रेट धुणारी बाई असते, आयुष्यभर विड्या वळलेली आजी तिच्या नातवाबरोबर बँकेत आलेली असते. त्यांच्या बोटांवरच्या रेषा कामाने घासून गेलेल्या असतात. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही म्हणून परत फिरलेली माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत, तेच कारखान्याच्या गेटवर रोज सकाळी घडतं. एका डेअरीत एक मावशी सहा-सात वेळा अंगठा ठेवत होत्या. मशीन लाल होत होतं, मागे रांग वाढत होती, आणि सुपरवायझर ओरडला, “अहो मावशी, नीट ठेवा की!” त्या नीटच ठेवत होत्या. मी त्यांचा हात बघितला. अंगठ्याचं टोक गुळगुळीत, पाण्याने पांढरं पडलेलं. अनामिका मात्र बरी होती, कारण क्रेट उचलताना तिच्यावर भार येत नव्हता. तीच नोंदवली, दोन्ही हातांची. हात कोरडा करायला मशीनशेजारी खिळ्यावर एक पंचा टांगायला लावला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बोट पहिल्या-दुसऱ्यांदा लागायला लागलं.

सोपा उपाय वेगळा असतो आणि तोच सगळीकडे होतो. रांग वाढली की कुणीतरी मेनूत जाऊन पातळी ढिली करून टाकतं. रांग संपते, सगळे खूश. त्यानंतर त्या दाराला कुलूप आहे असं म्हणणं अवघड. मी नोंदणीच्या दिवशी घाई करू देत नाही. एका माणसाची तीन-चार बोटं तपासायची, ज्यांच्या रेषा स्पष्ट ती घ्यायची, आणि ज्याचं एकही बोट लागत नाही त्याला कार्ड आणि आकडा द्यायचा. मशीनला बोट कळलं नाही म्हणून कुणाचा अर्धा रोज बुडता कामा नये. गेटवर असं लिहून लावायला मी मालकांना सांगतो.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे सरकारी कार्यालयांतली थम हजेरी थांबली आणि चेहरा ओळखणाऱ्या मशीनचे दिवस आले. घासलेल्या बोटांचा प्रश्न त्यांनी बराच सोडवला. चांगल्या मशीनला दोन कॅमेरे असतात, त्यातला एक अवरक्त किरणांवर चालतो, म्हणून त्याच्यासमोर मोबाईलवरचा फोटो धरून भागत नाही. त्यांना नडतं ते ऊन. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गेटवर दुपारी चारनंतर नगरचं ऊन थेट काचेवर येतं आणि मशीन आंधळं होतं. त्याला वर दोन फुटांची पत्र्याची झाप लागते, किंवा सरळ जागा बदलायची.

बोट, चेहरा, कार्ड, यावर लोक तासन्‌तास चर्चा करतात. आत शिरणारा मात्र बहुधा त्यातलं काहीच फोडत नाही. आमच्या भुईकोट किल्ल्याला खंदक आहे, पूल आहे, भक्कम दरवाजा आहे. 1595 च्या अखेरीला मोगल शहजादा मुराद चालून आला तेव्हा त्याच्या सैन्याने तटाखाली सुरुंग पेरले आणि तटाला खिंडार पाडलं. चांदबिबीने ते रातोरात बुजवून घेतलं, म्हणून किल्ला तरला. मी कुठल्याही कार्यालयात गेलो की दार पाहण्याआधी त्याच्या शेजारची भिंत ठोकून पाहतो. बारा मिलिमीटरची जाड काच, 540 किलोचं कुलूप आणि शेजारी प्लायवूडचं पार्टिशन, तेही फॉल्स सीलिंगपर्यंतच. स्टूल ठेवलं की माणूस वरून पलीकडे. दुसरी जागा मशीनची. स्वस्त थम मशीनमध्ये बोट वाचणारा भाग आणि दार उघडणारा रिले एकाच डब्यात असतात आणि तो डबा दाराच्या बाहेर, रस्त्याकडे असतो. दार उघडण्याचा निर्णय असा बाहेर टांगून ठेवायचा नसतो. बाहेर फक्त वाचणारा भाग ठेवायचा, निर्णय घेणारा कंट्रोलर आतल्या खोलीत, बंद डब्यात. त्याला जादा तार आणि अर्धा दिवस जास्त लागतो. आणि मशीनचा कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा.

सगळ्यांत मोठं खिंडार मात्र आपल्या सौजन्याचं आहे. एकाने कार्ड दाखवलं की तो मागच्यासाठी दार धरून उभा राहतो. आपल्याकडे मागच्याच्या तोंडावर दार लोटणं उद्धटपणाचं, आणि हातात डबा-पिशव्या असलेल्या बाईसाठी तर कुणीही धरेल. मला ही सवय मोडावी असं वाटत नाही. पण तिची किंमत कुठे मोजावी लागते ते सुप्यातल्या कारखान्यांत पाहायला मिळतं. तिथे आगीची रंगीत तालीम होते, भोंगा वाजतो, सगळे मैदानात ठरलेल्या जागी जमतात आणि सुरक्षा अधिकारी यादी वाचतो. ही यादी दाराच्या मशीनने दिलेली असते, कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं त्याची. एका कार्डावर चौघं आत शिरली असतील तर उरलेली तिघं यादीत नाहीत. खरी आग असेल तर त्या तिघांना शोधायला कुणी आत जाणार नाही. जेवणाच्या सुट्टीत थम न मारता बाहेर गेलेला माणूस उलट यादीत ‘आत’ असतो, आणि त्याला शोधायला अग्निशमन दलाचा एखादा जवान धुरात शिरेल. मोठे कारखाने म्हणून एका वेळी एकच माणूस जाईल असं फिरतं दार किंवा झडपांचं गेट बसवतात, आणि बाहेर गेल्याची नोंद नसेल तर तेच कार्ड पुन्हा आत घेत नाहीत. कामगारांना हा जाच वाटतो. त्यांना यादीचं हे कारण कुणी समजावून सांगितलं, की बहुतेक जण आपणहून नीट थम मारतात, हे मी पाहिलं आहे.

बँकांत ही नोंद आणखी काटेकोर असते. स्ट्राँगरूम दोन किल्ल्यांनी, दोन माणसांनी मिळून उघडण्याचा रिवाज विजेच्या कुलपांच्या कितीतरी आधीचा आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लॉकरचे नियम सुधारले, त्यात स्ट्राँगरूमच्या येण्याजाण्याच्या जागेचं सीसीटीव्ही चित्रण किमान 180 दिवस जपायला सांगितलं आहे. तुमचा लॉकर असेल तर हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आणि ज्यांची बोटं, चेहरे या मशीनमध्ये साठले आहेत त्यांच्याबद्दलही कुणीतरी बोललं पाहिजे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 मध्ये केला. गावोगावच्या छोट्या कारखान्यांत, क्लासमध्ये, जिममध्ये मात्र मशीन बिघडलं की ते तसंच्या तसं, शेकडो लोकांच्या नोंदींसकट भंगारात जातं. काम सोडून गेलेल्या माणसाचा ठसा मशीनमध्ये ठेवायला काहीच कारण उरत नाही. त्याची आठवण ठेवणारं कुणी नसतं म्हणून तो राहतो, आणि त्याचं कार्डही चालू राहतं. मी देखभालीला जातो तेव्हा हजेरीपत्रक मागवतो आणि मशीनमधली नावं त्याच्याशी ताडतो. सोडून गेलेल्यांची नावं प्रत्येक वेळी निघतात.

काम संपल्यावर मी पैसे मागण्याआधी एक चाचणी करतो. सगळ्यांसमोर मेन स्विच खाली पाडायचा. बॅटरीवर दार बंद राहिलं पाहिजे. मग आगीच्या पॅनेलवरून अलार्म द्यायचा, दार सुटलं पाहिजे. परत बंद करून हिरवा डबा दाबायचा, पुन्हा सुटलं पाहिजे. शेवटी बॅटरीची तारही काढायची, आणि आतून दार ढकलायला मॅनेजरना न सांगता झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगायचं, कारण सकाळी सगळ्यांच्या आधी त्या एकट्याच आत असतात. त्यांना हिरवा डबा कुठे आहे हे दाखवलेलं असतं का? बहुतेक वेळा त्याच दिवशी पहिल्यांदा दाखवलं जातं. सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींना सांगून ही चाचणी रविवारी सकाळी पाच मिनिटांत होते. पॉवर सप्लायचा डबा उघडून बॅटरीवर तारीख लिहिलेली आहे का तेही पाहा. मी बसवतानाच मार्करने महिना-वर्ष लिहितो. दोन-अडीच वर्षं झाली असतील तर ती वीज गेल्यावर तास-दीड तासच धरते, तेव्हा चाचणीची वाट न पाहता बदलून घ्या.